भांड्यांवरची नावं

दुष्काळात आमच्या घरातली भांडी गेली. आधी घागर, मग परात, शेवटी पारूवैनीच्या आहेरातली पितळी ताटं. वैनी लग्न होऊन आली ती थेट खडी फोडायच्या दुष्काळी कामावरच. ती चौदा-पंधराची असेल, मी आठची. कामावर खायला मिळणारी सुकडी ती अर्धी पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. पुढं पाऊस आला, पण भांडी परत आली नाहीत. फळीवर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, दोन भगुली, एवढंच राहिलं. महिन्यापूर्वी दादाचा फोन नांदेडला आला, "पारू गेली गं..." आणि मला आधी ती रिकामी फळीच आठवली.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी लातूरच्या कॉलेजात होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं माझ्याआधी कुणी गेलं नव्हतं, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. मुलींच्या वसतिगृहातली जागा आणि फीची माफी, या दोन गोष्टींवर सगळं उभं होतं. जिल्हा बदलला, जुने कागद जुन्या जिल्ह्यातच राहिले, आणि नव्या ऑफिसनं ठरवलं की प्रत्येकीच्या घरी साहेब जीपनं जाऊन परिस्थिती बघणार. सरकारी जीप म्हटलं की आमच्या घराला धडकीच भरायची. ती न्यायला येते, द्यायला न्हाई, असं माझे वडील, अण्णा, म्हणायचे.

"सायबाला जर्मनच्या पेल्यात पाणी देऊ व्हय?" असं म्हणून वैनी गल्लीभर फिरली. तांब्या, ताटं, घागर, कपबशा, मास्तरांची खुर्चीसुद्धा आणली. चिंच लावून सगळं लखलखीत घासलं आणि फळीवर मांडलं. मी घरीच होते. फळी भरलेली बघून मला बरं वाटलं, हे लपवत नाही. साहेब खुर्चीवर बसले, चहा प्याले, घर छान ठेवलंय म्हणाले आणि गेले.

पंधरा दिवसांनी वसतिगृहात कागद आला. घरात पितळी भांडी, खुर्ची, कुटुंब सुस्थितीत. आठ दिवसांत खोली सोडावी.

मी गावी आले तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, की उदगीरच्या पाव्हण्यांना आता बोलवायचं ना. म्हणजे माझं लग्न. वैनीनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गल्लीत गेली, तीच भांडी मागून आणली, चादरीत बांधली आणि मला घेऊन एसटीत बसली. खड्डा आला की बोचकं वाजायचं. सरकारला फसवलं म्हणून धरलं तर? भांडी जप्त केली तर गल्लीत परत जायचं कसं? मी म्हणाले, वैनी, मागं फिरू. ती खिडकीबाहेर बघत होती.

"वन्सं, भ्या मलाबी वाटायलंय. गप बसा."

ऑफिसात तेच साहेब होते. वैनीनं त्यांच्या टेबलासमोर फरशीवर बोचकं सोडलं. मग तिनं तांब्या उचलून त्यांच्यापुढं धरला.

"सायेब, मला वाचता येत न्हाई. तुमी वाचा. आमचं नाव कुठं हाय तेवढं दावा."

आपल्याकडं भांड्यावर मालकाचं नाव कोरलेलं असतं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. मग ताट वाचलं, दुसरं ताट, घागर. प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळं आडनाव. आजूबाजूचे कारकून माना वर करून ऐकत होते. पाचव्या भांड्याला त्यांनी वाचणं थांबवलं.

"मग मांडली कशाला?"

"तुमी पाव्हणे आलता."

साहेबांनी कपाटातून आमची फाईल काढली. मग त्यांनी आमच्या अहवालावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, सोमवारी पुन्हा बघायला येतो, चहा मात्र ठेवू नका.

माझी जागा राहिली. पुढं नोकरीभर मी नांदेडला समाजकल्याणच्या ऑफिसात असेच अर्ज तपासले. 'सुस्थितीत' हा शब्द दिसला की मी पेन खाली ठेवायची. या पोरीच्या घरी कुणाची भांडी मांडली असतील? मी फिरून तिच्या घरी बघायला जायची, कधी वेळ नसायचा, तेव्हा तशीच सही करायची. किती जणींच्या वैनी बोचकं घेऊन ऑफिसापर्यंत पोचल्याच नसतील, हा विचार रिटायर झाल्यावरही जात नाही.

तेराव्याला गावी गेले. फळी आता भरलेली आहे, सगळी स्टीलची. मधोमध एक पितळी तांब्या. माझा निकाल लागला तेव्हा वैनीनं तो लातूरच्या गोलाईच्या बाजारातून आणला होता. दुकानदारानं विचारलं, नाव कुणाचं घालू, तर हिनं माझं सांगितलं. गल्लीत सगळी भांडी ती उसनी द्यायची, हा तांब्या मात्र कधी दिला नाही. अक्षरं घासून पुसट झालीत, पण बोट फिरवलं की लागतात. शकुंतला, बी. ए.