हातात गाडीचं दार

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं, त्या दिवशी माझ्या उजव्या हातात गाडीचं दार होतं. आख्खं दार! बिजागऱ्यांसकट!

झालं काय, आमच्या ह्यांनी नगरला लिलावात एक जुनी पिकअप घेतली होती. हँडल फिरवलं की दाराची काच वर यायची. म्हणजे यायला हवी होती! पण शकूला, म्हणजे माझ्या नणंदेला, बघायला अकोल्याकडचे पाहुणे यायचे आणि नेमकी त्याच सकाळी काच खाडकन दाराच्या पोटात जाऊन बसली. हँडल नुसतं गरागरा फिरतंय! पाहुण्यांना एस.टी. स्टँडवरून ह्याच गाडीतून आणायचं, आणि रस्त्याला ही धूळ!

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "मुलाची आई खिडकीशी बसनार. तिच्या डोळ्यांत धूळ गेली तर तिला आपली पोरगी दिसंल का?"

ह्यांनी दाराचा आतला पत्रा खोलला. पण ह्यांचा हात काही आत जाईना.

"सरका," मी म्हणाले. "माझा हात बारीक हाय." (बारीक तेवढा हातच होता.)

कोपरापर्यंत हात घातला. काच बोटांना लागली. "घावली! फिरवा हँडल!"

ह्यांनी फिरवलं. काच राहिली बाजूला, आतली लोखंडी पट्टी वर आली आणि माझ्या हिरव्या बांगड्यांत अशी रुतली, की हात जागच्या जागी!

"अवो, उलटं फिरवा!"

"फिरंना."

"मग बांगड्या फोडा."

"खबरदार!" सासूबाई किंचाळल्या. "शुभ कामाच्या दिवशी सवाष्णीच्या बांगड्या फोडता व्हय?"

मग गोडंतेल ओतलं, साबण चोळला. ते दार जन्मात एवढं स्वच्छ झालं नसेल! हात मात्र तिथंच. तेवढ्यात एस.टी.ची वेळ झाली. गाडी तर न्यायलाच हवी. मला काय तिच्यासोबत पळवणार?

"दार काढ," सासूबाईंनी लेकाला फर्मावलं.

आतल्या पट्टीचे स्क्रू गंजलेले, पण बिजागऱ्यांचे निघाले. मला दारासकट ओट्यावर बसवलं, वरून चादर टाकली, आणि हे बिनदाराची गाडी घेऊन गेले!

पाहुणे आले. मुलाची आई धुळीनं पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी, कमरेला सीटशी बांधलेला दोर! उतरता उतरता म्हणाली, "अवो, तुमच्या गाडीला दारच न्हाई!" आणि माझी चादर घसरली.

"अगं बया! दार हितं हाय!"

सासूबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. शकू चहा घेऊन आली, तर तिच्याकडं कुणी बघेना. सगळे माझ्याकडं! मेले गं बाई, मी मनात म्हणाले, माझ्यापायी पोरीचं स्थळ गेलं.

मुलाच्या आईनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "सुनेच्या बांगड्यांसाठी गाडीचं दार काढनारी मानसं लई सापडत न्हाईत. पोरगी आमची झाली!"

आनंदानं मी तिच्या पाया पडायला ताडकन उठले. दार विसरले! दार ओट्यावरून खाली, पाठोपाठ चहाचा ट्रे, आणि खळ्ळकन सगळ्या बांगड्यांचा चुरा! हात सुटला. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक.

मुलाच्या आईनं मात्र स्वतःच्या दोन बांगड्या काढून माझ्या हातात चढवल्या. "मोकळा हात बरा न्हाई, बाई."

लग्न थाटात झालं. पण शकूच्या सासरी मी आजही गेले, की कुणी माझी तब्येत विचारत नाही. निघताना फक्त एवढंच म्हणतात, "वहिनी, आमची दारं तेवढी हितंच ठिवून जा!"