मीचराजा नावाचा घुसखोर

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी आहे. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ते ज्या सर्व्हरवर चालतं ते सांभाळायचं काम माझं आणि माझ्या एका सहकाऱ्याचं. तो राहतो नाहूरला, मूळचा मालवणचा. आमच्याशी मुंबईचं मराठी बोलतो, पण सर्व्हर बिघडला की त्याच्या तोंडून फक्त मालवणी येतं.

एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली होती : तुमच्या सर्व्हरचे लॉग आधी सुरक्षित करा, आमच्या मॅडम येऊन तपासतील, मगच काम देऊ. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आत आलं, कोणाचा पासवर्ड चुकला, काय बंद पडलं, हे सगळं एक प्रोग्रॅम मुकाट्याने लिहीत बसलेला असतो. चोर शिरला की पहिल्यांदा हीच फाइल पुसतो. म्हणून आम्ही तिच्यावर सक्तीचा पहारा बसवला. प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक फाइलीला एक लेबल. लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने फक्त 'लॉग' असं लेबल असलेल्या फाइलीत लिहायचं आणि त्या फाइलीला बाकी कोणी हात लावायचा नाही. लेबल जुळलं नाही की दार बंद, मग समोर कोणीही असो.

कंपनीचे मालक असलेल्या आमच्या साहेबांना हे समजावताना मजा आली.

"म्हणजे मलाही बदलता येणार नाही?"

"नाही सर."

"पण सर्व्हर माझा आहे."

"हो सर."

"मग?"

"मग काही नाही सर."

साहेब उठून केबिनमध्ये गेले.

सुरुवातीचे काही दिवस आम्ही पहारा नुसता चाचणीवर ठेवला. म्हणजे पहारेकरी कोणाला अडवत नाही, फक्त कोणाला अडवलं असतं ते टिपून ठेवतो. मॅडम येणार त्या सकाळी आम्ही तो खरोखरचा चालू केला आणि एकमेकांना टाळी दिली.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, हातात स्वतःची पाण्याची बाटली. चहा नको म्हणाल्या, बिस्कीट घेतलं.

"आजचे लॉग दाखवा."

मी फाइल उघडली. पहारा चालू केल्यापासून पुढे एक ओळ नाही. कोरं.

"ह्यां काय झाला गो?" माझा सहकारी पुटपुटला. मी समजले, वाट लागली.

नशिबाने पहारेकरी कोणाला अडवतो याची नोंद वेगळी होते. ती उघडली. लॉग लिहिणारा प्रोग्रॅम बिचारा सकाळपासून आपल्याच फाइलीत लिहायला जात होता आणि प्रत्येक वेळी पहारेकरी त्याला हाकलत होता. कारण फाइलीवरचं लेबल लॉगचं नव्हतंच. ते होतं कोणाच्या तरी खाजगी फोल्डरचं.

मॅडम म्हणाल्या, "कोणीतरी या फाइलीची नक्कल आपल्या फोल्डरमध्ये केली, आणि मग तीच नक्कल उचलून इथे आणून ठेवली. लेबल तिकडचंच राहिलं. चाचणी चालू होती म्हणून तेव्हा कोणी अडवलं नाही."

साहेब एसीकडे बघायला लागले.

"लॉगची दुसरी प्रत आहे?"

"आहे ना मॅडम," मी म्हटलं. "प्रत्येक ओळ त्याच वेळी दुसऱ्या मशीनवरही जाते."

"दुसरी प्रत?" साहेब एकदम म्हणाले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून सर."

दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या. आमच्या फाइलीतून काही ओळी गायब होत्या आणि सगळ्या एकाच धर्तीच्या : 'मीचराजा' नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नाही. खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच.

मॅडम ताठ बसल्या. "हा हल्ला आहे. कोणीतरी मीचराजा या नावाने सारखा आत शिरायला बघतोय. कुठून?"

मी पत्ता बघितला. "मॅडम, आपल्याच ऑफिसातून."

"दार लावून घ्या," मॅडम म्हणाल्या. माझा सहकारी खरंच उठला आणि कडी लावून आला.

"मीचराजा कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी बिस्किटांची बशी मॅडमकडे सरकवली.

"मी," साहेब म्हणाले.

"तुम्ही त्याला ओळखता?"

"नाही. म्हणजे मीच."

"मीच कोण?"

"मीचराजा मीच!"

मग सगळं बाहेर आलं. साहेबांना चष्मा लावायचा कंटाळा, त्यामुळे ते नावाच्या चौकटीत पासवर्डच टाइप करायचे. आत गेलो नाही म्हणून पुन्हा तेच, जास्त जोरात. पासवर्ड लॉगमध्ये दिसत नाही, पण नावाच्या जागी टाकलेलं दिसतं, अगदी अक्षरशः. चाचणीच्या दिवसांत त्यांनी सहज लॉग बघितला आणि हादरले. बाहेरच्या बाईसमोर हे नको, म्हणून नक्कल आपल्या फोल्डरमध्ये घेतली, तेवढ्या ओळी खोडल्या आणि गुपचूप फाइल जागेवर ठेवली.

माझ्या सहकाऱ्याने तोंडावर रुमाल धरला होता. मी खाली बघून लेबल दुरुस्त करत होते, कारण वर बघितलं असतं तर संपलंच होतं. एक कमांड दिली आणि लॉगच्या ओळी धडाधड पडायला लागल्या.

मॅडम मात्र पोटभर हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "पहारा झकास आहे. मालकाने हात लावला तरी बोंब मारली, अजून काय पाहिजे? पास. पण सर, तुमच्याकडे सर्व्हरच्या चाव्या नकोत. आणि पासवर्ड आत्ता बदला."

"बदलतो ना," साहेब हुश्श करत म्हणाले. "मी विचार करूनच ठेवलाय. आता ठेवतो की नाही, तूच..."

"सांगू नका!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

काम मिळालं. साहेबांनी सगळ्यांना पावभाजी दिली आणि त्या संध्याकाळी माझा सहकारी पहिल्यांदाच चालू सर्व्हरशी मालवणीत बोलला, तेही लाडाने.