चारुदत्तच्या गुडघ्यांचं भविष्य

माझा नवरा चारुदत्त इथे कॅनडात, ओकव्हिलला सॉफ्टवेअरचं काम करतो आणि उरलेल्या वेळात बेसबॉलपटूंची म्हातारपणं सांगतो. स्वतः कधी बॅट धरलेली नाही. आजचा एखादा जाडजूड खेळाडू घ्यायचा, त्याच्याच अंगकाठीचे, तसेच खेळणारे जुने खेळाडू शोधायचे, आणि ते कोणत्या वयात ढेपाळले ते बघायचं. मग जेवताना जाहीर करायचं, "शुभदा, हा दोन वर्षांत संपला!"

परवा, ऐन मार्चअखेर, पुन्हा बर्फ पडला. मी म्हटलं, "शोव्हल घे आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ काढ." तर हा लॅपटॉप घेऊन आला. खेळाडूच्या जागी स्वतःचीच माहिती भरली होती! म्हणे, "माझ्या उंचीवजनाचे सगळे खेळाडू चाळिशीच्या आत गुडघ्यांनी गेले. मी सेहेचाळीसचा आहे. रिस्क नको."

माझं डोकंच फिरलं. "अरे, हा हिशेब माझ्या आईनं लग्नाआधीच केलाय. बघायच्या कार्यक्रमात ती तुझ्याकडे नाही, तुझ्या वडिलांकडे बघत होती. मुलगा पुढे कसा होणार ते बापावरून कळतं, म्हणाली. तुझे बाबा तेव्हा गच्चीतल्या टाकीवर चढले होते, म्हणून मी हो म्हटलं!"

"एकाच माणसावरून अंदाज काढत नाहीत," चारुदत्त म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं. पुण्याहून राहायला आलेले बाबा, वय पंचाहत्तर, माकडटोपीवर बर्फ, हातात शोव्हल.

"आपलं झालं," ते म्हणाले. "शेजारच्यांचंही करून टाकतो. चारूला हे काम नको सांगूस गं. त्याचे गुडघे त्याच्या आईवर गेलेत."