सावली मंचापुरती

मे महिन्यात तेल्हाऱ्याला कापसावर परिषद भरली होती. त्या वर्षांत आमच्याकडे कापूस कमी आणि परिषदा जास्त पिकत. मी गेलो तो टिंगल करायलाच. अकोल्याच्या एका साप्ताहिकात मी तसलं सदर लिहीत असे. बायको पेपर तपासायला अमरावतीला गेली होती, म्हणून सहा वर्षांच्या मुलीला बरोबर घेतलं.

मांडव मंचापुरताच होता. तिथे पाहुणे, कूलर आणि सत्काराच्या शाली. त्या उन्हात शाली! मी वहीत मोजून अकरा लिहिल्या. मुलगी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये, समोरच्या सतरंजीवर इतर पोरांत खेळत होती. तीन तास. एकदा येऊन म्हणाली, "बाबा, खांदे चुरचुरतात."

"थांब, अजून एक शाल राहिली आहे," मी म्हणालो.

अकोटला घरी आलो तेव्हा तिचे खांदे लालभडक झाले होते. उन्हानं भाजतात ते पुण्याचे गोरे पाहुणे. आपल्या सावळ्या कातडीला ऊन फार तर लागतं, अशी माझी समजूत. लागलेल्या उन्हावर कैरीचं पन्हं. ते तिनं ओकून टाकलं. सकाळी खांद्यांवर फोड होते आणि अंग तापलं होतं. मी फोडांवर टूथपेस्ट फासली आणि लेख लिहायला बसलो.

दुपारी शेजारची चाची शिवायला दिलेला फ्रॉक घेऊन आली. तिनं मुलीला हाक मारली, गाल थोपटले. मुलीनं डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले.

"भाऊ, हिनं लघवी कवा केली?"

"केली असेल सकाळी."

"असेल? जीभ पाहा तिची, लाकूड झाली. तुमी काय करून राहिले?"

"लेख..."

"आग लागो त्या लेखाले. रिक्षा बुलाव!"

डॉक्टरांनी सलाईन लावलं, पेस्ट हलक्या हातानं धुऊन काढली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "भाजल्यावर फोड, ताप, उलटी, गुंगी, लघवी बंद. यातलं एक दिसलं तरी लेकराला आणायचं असतं. तुम्ही पाचही होईपर्यंत थांबलात."

बायकोला फोनवर मी सांगितलं, "थोडं ऊन लागलंय."

दिवेलागणीला मुलीनं लघवी केली, तेव्हा चाची दवाखानाभर ऐकू जाईल अशी ओरडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

लेख मी पुढच्या आठवड्यात पाठवलाच. त्यातलं एक वाक्य लोकांना फार आवडलं: उन्हात बसलेल्या लेकरांकडे मंचावरच्या एकाचंही लक्ष नव्हतं. माझी खुर्ची मंचाला लागून, त्याच सावलीत होती. ते मी लिहिलं नाही.