सखाभाऊंची दरड

"सर, बस सोडली नसंल तर सोडू नका. आबा गेलं... दरड अंगावर आली." सखाभाऊंच्या थोरल्याचा, किसनचा फोन. माझा एक बूट पायात, दुसरा हातात. त्या सकाळी मी विद्यार्थ्यांना तीच दरड दाखवायला नेणार होतो. दीड महिना होत आला, अजून डोकं सुन्न आहे.

भूगर्भशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. नव्वदच्या दशकात आळेफाट्याकडून कुकडीच्या काठानं भटकताना सखाभाऊंच्या रानात नदीनं कापलेली ती उंच दरड दिसली. मधोमध पांढुरका पट्टा, आणि खाली त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याच पांढऱ्या भुकटीनं पातेली घासत बसलेल्या! "अहो वहिनी, थांबा!" मी ओरडलोच. "ही ज्वालामुखीची राख आहे. फार फार पूर्वी समुद्रापलीकडून उडत आलेली. इथं सापडणारी दगडी हत्यारं किती जुनी, ते हिच्यावरून कळतं." सखाभाऊ खो खो हसले. "मंजी आमची भांडी परदेशी पावडरीनं घासली म्हणायची!" हसले खरे, पण त्या दिवसापासून भांड्यांना फक्त चुलीची राख.

पुढं शेजाऱ्यांनी जेसीबी लावून काठ सपाट केले, ऊस लावला. सखाभाऊ हटले नाहीत. लोक वेड्यात काढायचे. दरवर्षी माझी कॉलेजची पोरं बघायला येण्याआधी ओघळलेली माती खरवडून ते पट्टा उघडा करायचे. मीच एकदा मास्तरकीच्या तोऱ्यात बजावलं होतं, वर पाय द्यायचा नाही, थर मोडतात. म्हणून ते खालूनच कोरत राहिले. आधी वरचा लोंबता भाग उतरवायचा, हे मुरूम काढणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. त्यांनाही होतं. पण सरांचा शब्द! यंदा सहलीच्या आदल्या दिवशी मी फोनवर म्हणालोही, "पट्टा झकास दिसला पाहिजे हं, भाऊ..." काय बोलून गेलो मी!

परवा गेलो. किसननं विचारलं, "मशीनवाल्याला सांगून ठेवलंय, सर. पाडू का?" ज्या दरडीसाठी मी गावाशी भांडलो, तिच्याकडं मला बघवेना. "पाडून टाक," म्हणालो. "चूक माझीच..."

वहिनी बाहेर आल्या. "तुमचीच हाय. कोण न्हाई म्हणतंय?" मी मान खाली घातली. "पर दरड तुमची न्हाई, त्यांची हाय. पाडायची न्हाई. पोरं घिऊन या. आधी वरनं उतरवा, मंग दाखवा."

दाराआडची कुदळ त्यांनी माझ्या हातात दिली. दांडा सखाभाऊंच्या मुठींनी दोन जागी झिजला होता. मी तिथंच धरला आणि उभ्या उभ्या रडलो.