लांगे रुस्तचं स्थळ

शोभाने पुण्याहून फोनवर धाकट्या बहिणीला बरंच काही ऐकवलं, पण मुद्दा एकच होता. जयंतीने मुलीकडची चौकशी करून हो म्हटलं, तर शोभा सौमित्रच्या लग्नाला हॉलंडला येणार होती. जयंती नाही म्हणाली, तर मुलाने नगरपालिकेत जाऊन खुशाल सह्या कराव्यात, आईची वाट बघू नये.

"आयुष्यभर तू त्याच लोकांचा अभ्यास केलास," शोभा म्हणाली. "मग आता तूच सांग. मला काय कळतंय त्यातलं?"

फोन ठेवून जयंती करंदीकर रोटरडॅमजवळच्या कापेलच्या आपल्या फ्लॅटच्या खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. 'त्याच लोकांचा' हा शब्द तिने अनेकदा, अनेक ठिकाणी दुरुस्त केला होता. हूफडॉर्पला मराठी मंडळींच्या गणपतीत तिची ओळख करून देताना एखादा उत्साही मुलगा माइकवर सांगायचा, की मॅडमनी काळ्या लोकांवर रिसर्च केलाय. मग ती माइक हातात घेऊन शांतपणे सांगायची, की मी लोकांवर नाही, मळ्यांवर काम केलं. एकाने दुसऱ्याला विकत घेऊन त्याच्याकडून ऊस लावून घेतला, तर पुढे दोघांची नातवंडं एकमेकांशी कशी वागतात, एवढंच मी बघत आले. लोक टाळ्या वाजवायचे आणि आरतीला उभे राहायचे.

या विषयाकडे ती वळली तीही जरा चुकूनच. सोलापूरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवत असताना तिला हेगला शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. तिथल्या बाजारात भेंडी निवडताना शेजारची बाई आपल्या मुलीवर रागावली, ते हिला अर्धंअधिक कळलं. बाई सुरिनामची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतली होती. तिचे पणजोबा बिहारमधून कराराने उसाच्या मळ्यावर गेले होते. जयंतीला वाटलं, ही तर आपलीच माणसं. आपल्या माणसांचा अभ्यास करायचा म्हणून ती सुरिनामला गेली, आणि नदीतून होडीने लांगे रुस्त नावाच्या मळ्यावर उतरली. लांगे रुस्त म्हणजे दीर्घ विश्रांती. मालकांनी मळ्यांना अशी नावं बिनदिक्कत दिलेली असत. तिथे एका बाजूला हिंदुस्तानी मजुरांची वस्ती होती, दुसऱ्या बाजूला त्यांच्याआधी तिथे गुलाम म्हणून राबलेल्या आफ्रिकन लोकांच्या वंशजांची, म्हणजे क्रिओल लोकांची. मध्ये एक पाण्याचा पाट. पाटावरून पीठमीठ इकडून तिकडे जायचं, मुलं एकत्र पोहायची, पण लग्न मात्र जवळजवळ कधीच नाही. का, असं विचारलं की दोन्हीकडची माणसं हसून दुसरं काहीतरी बोलू लागायची.

त्या हसण्यावर जयंतीने पुढची सगळी वर्षं काढली. आधी प्रबंध झाला, मग पुस्तक, मग विद्यापीठातली नोकरी. वर्गात ती सांगायची, की माणसं वंशाबद्दल काय बोलतात ते लिहून घ्या, पण त्यावर विसंबू नका. कोण कोणाकडे जेवतं आणि कोण कोणाला मुलगी देतं, तेवढं बघा. डच मुलं हे वाक्य लगेच वहीत उतरवून घ्यायची. तिने स्वतः लग्न केलं नाही. त्यामागे काही गोष्ट नव्हती, राहून गेलं इतकंच.

सौमित्र बोडस हा शोभाचा एकुलता मुलगा. तो कॉलेजात असतानाच त्याचे वडील गेले. डेल्फ्टला शिकायला आला तेव्हा सुरुवातीला तो मावशीकडेच राहत होता, आता आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत होता. मेमधल्या एका रविवारी तो रोशेलला घेऊन चहाला आला. डेल्फ्टला दोघं एकाच वर्षी होती, ती पाण्याच्या बांधकामांची इंजिनिअर. उंच, सावकाश बोलणारी, चपला दाराबाहेर काढायच्या का, हे विचारून घेणारी. जयंतीने तिला पूर्ण नाव विचारलं. ती म्हणाली, रोशेल रुस्तवेल्ड.

"लांगे रुस्त," जयंती ताबडतोब म्हणाली. "म्हणजे तुम्ही पाटाच्या पलीकडचे."

आडनाव ऐकलं की मूळ गाव काढायचं, ही खोड तिला माहेराहून आलेली. सोलापुरात बाबा स्टँडवरच्या अनोळखी माणसाला आडनाव विचारून त्याचा तालुका सांगायचे आणि तो माणूस खूश व्हायचा. रोशेल खूश झाली नाही. गुलामी उठल्यावर सरकारी कारकुनांनी मळ्याच्या नावावरून तिच्या आईकडच्या खापरपणजीला चिकटवलेलं ते आडनाव होतं. ही मुलगी रोटरडॅममध्ये जन्मली होती, आणि पहिल्या भेटीत समोरच्या बाईने अभिनंदन करायच्या आधी तिला मळ्यावर नेऊन उभं केलं होतं. ती थोडं थांबून म्हणाली, "हो. तुमचं पुस्तक आहे आमच्या घरी." मग ती केकबद्दल बोलू लागली.

खाली सायकलींपाशी सौमित्रने मावशीला गाठलं. "जयूमावशी, सिरियसली? तिला वाटलं तू तिची फाइल काढतेस."

"अरे, चौकशी करताना आडनाव विचारतातच की."

"कसली चौकशी?"

तिने हात हलवून दोघांना निरोप दिला. वर येऊन कप विसळताना तिच्या मनात आलं, यांची मुलं कशी दिसतील? आणि हातातला कप तसाच राहिला. हा प्रश्न तिला मुलाखतींमध्ये अनेकांनी ऐकवला होता, पाटाच्या दोन्ही काठांवरच्या आयांनी, आज्यांनी. त्याचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं, तो कोणत्या प्रकरणात घालायचा तेही. पण तो आता तिच्या स्वयंपाकघरात तिचाच म्हणून आला होता, आणि तो नुसतं कुतूहल आहे की आणखी काही, हे ठरवायला तिच्याकडे काहीच साधन नव्हतं. आपल्याला हे लग्न हवंय का? हवंच असणार. मग शोभाला लगेच हो का सांगितलं नाही? चौकशी करते असं का म्हटलं? आणि एखाद्या गोऱ्या डच मुलीची चौकशी केली असती का? केली असती, तिला वाटलं. मग वाटलं, नसती केली. मग वाटलं, केली असती, पण निराळी.

या गोंधळातच ती पुढच्या आठवड्यात रोशेलच्या आजीकडे गेली. रोशेलची आई लवकर गेलेली, वडील दुसरं लग्न करून सुरिनामला, पॅरामारिबोत, म्हणून विचारायचं ते आईच्या आईलाच. ही आजी, ओमा हेंड्रिना, कापेलमध्येच दुसऱ्या टोकाला राहत होत्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून जयंतीने बेसनाचे लाडू नेले. बसल्यावर सवयीने तिचा हात पर्समधल्या पेनाकडे गेला.

"ते राहू द्या आत," ओमा म्हणाल्या. अंगाने थोराड, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधलेला, गुडघे दुखत असल्याने खुर्चीतून न उठणाऱ्या. "पुस्तक वाचलंय मी. म्हणजे रोशेलने वाचून दाखवलं. माझ्या वडिलांचं गाव तुम्ही बरोबर लिहिलंय, पाट कुठून कुठे जातो तेसुद्धा. फक्त एक कळलं नाही. आम्ही तुम्हाला आवडलो की नाही?"

जयंती म्हणाली, की संशोधनात तसं लिहायची पद्धत नसते.

"नसेल. लग्नात असते."

जयंतीने विषय वळवायला लाडवांचा डबा पुढे केला. ओमांनी एक लाडू उचलून वास घेतला आणि यात काय काय आहे ते विचारलं. डाळीचं पीठ, तूप, साखर, वेलदोडा, असं जयंतीने सांगितलं.

"कासव नाही ना?"

"लाडवात?"

"विचारलेलं बरं. हिंदुस्तानी लोक कशात काय घालतील, सांगता येत नाही." त्या गालात हसल्या आणि लाडू खाल्ला. कासवाचं मांस ही त्यांची ट्रेफ होती, वडिलांकडून आलेली. खाल्लं तर अंगावर चट्टे उठतात. मग लाडू संपवून, बोटं पुसून, अगदी साध्या सुरात त्यांनी विचारलं, "मुलाची ट्रेफ काय?"

ट्रेफबद्दल जयंतीला जेवढं माहीत होतं, तेवढं युरोपात फार थोड्यांना असेल. प्रत्येक बापाच्या वंशात एखादा पदार्थ वर्ज्य असतो, आणि तो मुलाला बापाकडून मिळतो. मळ्यावर गुलामाला कायद्याने बाप मानलंच जात नसे. मूल आईचं, आणि आई मालकाची. अशा बापाला मुलाच्या नावे ठेवता येण्यासारखी एकच गोष्ट होती, काय खायचं नाही ती. या विषयावरचं तिचं प्रकरण वाचून एका परिषदेत लोकांचे डोळे भरून आले होते. ती आताही उत्साहाने सांगू लागली, की हे फार महत्त्वाचं आहे, आमच्याकडेही याच्याशी तुलना करता येईल असं काही...

"तुलना नको," ओमा म्हणाल्या. "मुलाच्या बापाला काय चालत नव्हतं, तेवढं सांगा. उद्या रोशेलला मूल झालं तर त्याच्या ताटात काय वाढायचं नाही, हे मला आधी कळायला हवं. मीच भरवणार आहे ना त्याला."

"मला माहीत नाही," जयंती म्हणाली.

"तुम्ही मावशी ना?"

"आईकडची."

"मग आईला विचारा. ते कळेपर्यंत माझंही हो नाही."

इथे पहिल्यांदा जयंतीच्या लक्षात आलं, की आपण चौकशीला आलो आहोत आणि आपलीच चौकशी चालली आहे. तिला राग आला का, लाज वाटली का, हे तिला सांगता आलं नसतं. घरी जाऊन विचारते, असं ती म्हणाली. ओमांनी टीपॉयवरचा तिचाच मोबाइल तिच्याकडे सरकवला आणि भारतात आता किती वाजले असतील ते विचारलं. तिकडे संध्याकाळ होती. सबब उरली नाही.

शोभाने पहिल्याच रिंगला फोन उचलला. माणसं कशी आहेत, घर कसं आहे, मुलीच्या बापाचं काय, असे प्रश्न तिने एका दमात टाकले. जयंतीने त्यातल्या एकाचंही उत्तर दिलं नाही.

"शोभा, बोडसांकडे काय सोसत नाही?"

"कोण विचारतंय?"

"मुलीची आजी."

"तू शिकवलंस तिला असं विचारायला?"

"नाही गं. त्यांच्यात विचारतात."

शोभाचा आवाज बदलला. लग्न होऊन बोडसांच्या घरात आल्यावर सासूबाईंनी ओट्यापाशी उभं करून जे सांगितलं असेल, ते ती आता त्याच क्रमाने सांगत असावी. बोडसांकडे घरात पापड लाटत नाहीत. कोणी आणून दिले तर तळावेत, लाटायचे मात्र नाहीत, एकदा लाटले तेव्हा घरात आजारपण शिरलं होतं. आणि पडवळ खात नाहीत. अजिबात नाही, भाजीत नाही, कोशिंबिरीत नाही. सौमित्रचे बाबा लग्नाच्या पंगतीत पडवळ दिसलं तर पान सोडून उठायचे. "नीट सांग हं त्यांना," ती म्हणाली. "अर्धवट सांगू नकोस. तू नेहमी आपलं शास्त्र मध्ये घालतेस."

जयंतीने डचमध्ये सांगितलं. पडवळाला डच शब्द तिला येईना, म्हणून हातांनी लांबी दाखवली, सापासारखी एक भाजी म्हणाली. ओमांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. त्यांनी ती भाजी हिंदुस्तानी माणसाच्या दुकानात टांगलेली पाहिली होती. त्या पुटपुटल्या, साप आणि पापड, आणि लक्षात ठेवल्यासारखी मान हलवली.

"आणि त्यांच्याकडे काय सोसत नाही?" शोभाने विचारलं. "ते विचारलंस की नाही?"

"कासव. आजींच्या वडिलांकडून आलेलं."

"ते आपल्याकडे कोण खातंय," शोभा म्हणाली. मग म्हणाली, "पण आजीच्या बापाचं ते आजीला. मुलीला तिच्या बापाचं निराळं असेल ना? ते विचार."

हा प्रश्न बरोबर होता, आणि जयंतीला तो सुचला नव्हता. तिने तो विचारला. ओमा चक्क हसल्या, मांडीवर हात मारून. रोशेलचा बाप असली माहिती ठेवणाऱ्यातला नव्हता, पण त्याची बहीण ॲमस्टरडॅमला होती. तिला विचारावं लागेल.

"मग विचारून घ्या म्हणावं," शोभा म्हणाली. "आणि हे बघ, मी काही हो म्हटलेलं नाही."

"मग मी काय समजू?"

"तू काही समजू नकोस. फोन त्यांना दे."

"तुला डच येत नाही. त्यांना मराठी येत नाही."

"दे म्हटलं ना, जयू."

जयंतीने फोन ओमांच्या हातात दिला. ओमांनी तो कानाला लावला, दोन-तीनदा मोठ्याने डचमधलं 'या, या', म्हणजे हो, हो म्हटलं, मग डच आणि त्यांची सुरिनामी बोली यांची मिसळ करून सावकाश काहीतरी सांगू लागल्या. पलीकडून शोभाचा आवाज बारीक येत होता, तीही थांबत नव्हती. जयंती दोन्ही भाषा जाणणारी खोलीतली एकटीच. कोणाचं काय कोणाला सांगायचं ते तिला कळेना. एकदा ती पुढे झुकली, तेव्हा ओमांनी हाताने थांब अशी खूण केली.

ती उठून खिडकीशी गेली. सौमित्रला काय कळवायचं? तिने खिशात हात घातला, आणि फोन आपल्याकडे नाही हे आठवून ती तशीच उभी राहिली.