शनिवारचे बूट आणि सव्वानऊच्या निधनवार्ता

आमच्या गावच्या रेडिओवर रोज सकाळी सव्वानऊला मी निधनवार्ता वाचतो आणि पूर्वी मागे हळू आवाजात ऑर्गन वाजायचा. एका सोमवारी ऑर्गनची सीडी काही सापडेना. स्टेशनच्या मालकीण नदीनबाई दारात उभ्या होत्या, म्हणून हाताला लागली ती सीडी मी लावून टाकली. ती निघाली व्हर्लिनकाकांची. तिसरं, संथ गाणं लागलं आणि त्यावर मी गावातली तीन मयतं वाचली.

त्या गाण्यात मरणाचं नावसुद्धा नाही. नाचाला निघालेल्या नवराबायकोची पिकअप वाटेत बंद पडते आणि दोघं बूट हातात घेऊन चालायला लागतात, एवढंच. पण तासाभरात फोन सुरू झाले.

"ते मयताचं गाणं कुणाचं रे, कोल्बी? आमच्या आईच्या वेळी हवं होतं."

व्हर्लिन स्टँपर शाळेची बस चालवतात. शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये ते गिटार घ्यायचे, ओलेटाकाकू नाचायला उठायच्या आणि त्यांच्यामागे अख्खा हॉल उठायचा. काकू गेल्या तेव्हा काका रडले नाहीत. दफनाच्या दुसऱ्या दिवशी बस घेऊन हजर. जेवण मोरीपाशी उभ्याउभ्याच. मग मासेमारीची होडी विकून ते नॅशव्हिलला, गाणीवाल्यांच्या शहराला, गेले आणि स्टुडिओत भाड्याचे वादक बसवून दहा गाण्यांचा अल्बम करून आले, 'शनिवारचे बूट'. सगळी गाणी काकूंच्या नाचाची.

"कशासाठी हे?" मी विचारलं होतं.

"आत काही हलत नाही रे. हॉलमधले पाय हलताना एकदा बघतो. मग बघू."

त्या सोमवारनंतर अल्बम खपला. म्हणजे, अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या हॉबर्टनं खोकंभर सीडी उचलल्या. जिल्ह्याच्या साप्ताहिकानं छापलं, 'शोकाकुल कुटुंबांना मोठा आधार'. दफनाच्या वेळी गायची बोलावणी यायला लागली. काका कोट घालून जायचे, गायचे आणि मयताच्या घरून मिळालेलं हॅम नि केळ्याचं पुडिंग घेऊन परत यायचे.

"नशीब काढलंत काका," मी म्हटलं. "मधेच उठून जाईल असा श्रोता नाही तुमचा."

"उठला तर कळव," ते म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

शेवटी हॉलचा कारभार बघणाऱ्या इमोजीनमावशींनी त्यांना एक शनिवार दिला. काकांनी सुरुवातीलाच सगळ्यात उडत्या चालीचं गाणं घेतलं. लोक उठले. पण ते उठून उभेच राहिले. पुरुषांनी मयतात धरतात तशा टोप्या काढून छातीशी धरल्या. नाचायची फरशी रिकामीच. इमोजीनमावशी काकांजवळ खुर्ची घेऊन आल्या.

"बसून म्हणा, व्हर्लिनभाऊ. किती सोसलंत."

काका बसले नाहीत. त्यांनी दहाही गाणी म्हटली आणि गिटार पेटीत ठेवली.

"टोप्या काढल्या त्यांनी," गाडीत बसल्यावर ते म्हणाले. हवामान सांगावं तसं. मग म्हणाले, "मयतांवर हे तू लावलंस. आता एक कर. ते उडत्या चालीचं पहिलं गाणं सकाळी लाव, बस भरलेली असते तेव्हा. त्याच्या आधी कुणी मेलेलं नको, नंतर नको. पोरं तरी पाय हलवतील."

गुरुवारी लावलं. आधी कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात, नंतर बेसबॉलचे निकाल. पहिलं कडवं संपायच्या आत फोन वाजला. "अगं बाई, कोण गेलं?" तो ठेवतो तोच दुसरा. "माझ्या मेव्हण्याचं तर नाही ना?"

पोरांना शाळेत सोडून काका रेडिओ स्टेशनवर आले.

"बसमध्ये काय झालं?"

"चिडीचूप. मागच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, आज कुणाच्या घरी जायचंय?"

मी कॉफी पुढे केली. त्यांनी ती नुसती हातात धरली.

"पाय?" मी विचारलं.

"नाही. आजचं मोजायचं नाही, कोल्बी. पाय हलवणारं माझं एक गाणं अजून बाकी आहे तुझ्याकडे."

"बाकी आहे," मी म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात, इतके दिवस काकांच्या गाण्यावर भागवल्यावर, ऑर्गनची सीडी कपाटामागे सापडली. सव्वानऊला मी ती लावली, तर नदीनबाई खोलीत आल्या.

"हे काय लावलंस? लोक विचारतायत, व्हर्लिन कुठं गेला?"

मी ऑर्गन बंद केला आणि तिसरं गाणं लावलं. तेव्हापासून ते रोज वाजतं. त्या वेळी बस रिकामी, शाळेच्या आवारात उभी असते आणि काका आत बसून ऐकत असतात. मला रस्त्यात भेटले की स्टिअरिंगवरची दोन बोटं वर करून ओळख देतात, थांबत नाहीत. माझ्याकडचं त्यांचं गाणं अजून बाकीच आहे.